तिसऱ्या घराची प्रार्थना

न्हाई भिवरामावशी, पानी नको, बसा तुमी. मी उंबऱ्यापाशीच बरा हाय. सुई चालू द्या तुमची — मला लई वेळ न्हाई, तेलगावला एका लेकराचं नाव ठेवायचंय, वाटेत सिरसाळ्याला आपल्या वस्तीतल्या बद्रीनाथचा अर्ज पोचवायचाय, उर्दूत लिहून घेतलाय, कचेरीत मराठी कोण वाचतं. उन्हं वर यायच्या आत निघावं म्हणलं, पन पाय इकडंच वळले. आज सकाळी बी प्रार्थनेला आल्या न्हाईत तुमी. तीन दिस झाले. भिंतीकडची तुमची जागा मोकळी ऱ्हाती, अन् तिथं दुसरं कुनी बसत बी न्हाई.

कावून आल्या न्हाईत ते मला ठावं हाय. अख्ख्या वस्तीला ठावं हाय. मंगळवारी आपन तुमच्या शहादेवला माती दिली — मीच वचन वाचलं, मीच पहिली मूठ टाकली — अन् बुधवारी पहाटे, घंटेच्या जागी टांगलेला नांगराचा फाळ वाजवून झाला, सगळे गुडघ्यावर, अन् मी डोळे मिटून म्हणतो, 'बापा, भिवराबाईच्या शहादेवचा ताप उतरव, त्याला आंथरुनातून उठव.' कुनी खोकललं सुदिक न्हाई. तुमीच तेवढ्या म्हणलात, आमेन. मावशी, तुमी मला शिवी दिली असती तरी बरं होतं.

तेच सांगायला आलो. चूक झाली. तीन हप्ते रोज तेच मागत होतो, जिभेला वळन पडलं. माझी रीत ठावं हाय तुमाला — चिंचेपासल्या सुंदरबाईपासून सुरू करतो अन् घर धरून घर पुढं जातो, म्हंजे कुनी सुटत न्हाई. तिसरं घर तुमचं. तिसऱ्या घरापाशी आलो की शहादेवचा ताप. तोंड आपलं चालतंय. — मन कुठं होतं म्हणता? न्हाई, तुमी विचारलं न्हाई, पन बघायलात तसं. सांगतो. वहानेत होतं. अंगठा तुटलाय, तेलगावपतोर टिकंल का न्हाई, हा विचार करत होतो मी. तुमच्या लेकाचं नाव घेत होतो अन् वहानेचा विचार करत होतो.

लोकांना वाटतं पाळकाला काय, देव शेजारीच हाय त्याच्या. अन् मावशी, उजाडलं की कुनाला पाटलानं वेठीला धरलंय, कुनाची सोयरीक मोडलीय, कुनाला तहसीलीतला कागद वाचून पायजे. दिवसभर देवाचंच काम, अन् देवाजवळ बसायला फुरसत न्हाई. पयलं असा नव्हतो मी. नवा आलतो तवा नदीला जाऊन बसायचो, काय मागायचो बी न्हाई, नुसता बसायचो, अन् कुनीतरी समोर बसलंय असं वाटायचं. खरंच वाटायचं. कधी बंद झालं? सात साल झाले — आठ. मलाच ध्यानात आलं न्हाई. फाळ वाजवायचा मात्र एक दिस चुकला न्हाई. त्याचा लई अभिमान होता मला.

रोजनिशी लिहावी लागती आमाला, मिशनचा साहेब आला की दाखवायला. 'पहाटे एक तास एकांतात प्रार्थना, अमका अध्याय.' रोजच्या रोज कोन लिहितं. मी सगळं एकदाच लिहितो, बैठक मारून — कधी टाक बदलायचा, कधी शाई पातळ करायची, म्हंजे येगयेगळ्या दिवशीचं दिसावं. साहेब लई खूश असतो. — हे कावून सांगायलो मी तुमाला? हे सांगायला आलो नव्हतो. जाऊ द्या. — हा सदरा शहादेवचाच ना? वाकळीला लावायलात? लावा. ऊब ऱ्हाती.

निघतो मी. निघायलाच पायजे. — न्हाई, थांबा, आता अर्ध्यात सोडून उठलो तर पुन्हा जिंदगीत तोंडातून निघायचं न्हाई. सोमवारी दुपारी तुमी शेजारच्या आसारामला धाडलं ना मला बोलवायला? दाराबाहेरून त्यानं हाक दिली, म्हणला, शहादेवचं काय खरं न्हाई, चला. मी आतूनच म्हणलो, प्रार्थनेत हाय, उरकून येतो. मावशी, मी प्रार्थनेत नव्हतो. रोजनिशी लिहीत होतो. साहेब बुधवारी यायचा होता अन् सतरा दिवस भरायचे ऱ्हायले होते. म्हणलं, एवढं पान होऊ दे. मग म्हणलं, एवढं एक. आलो तवा तुमी त्याच्या डोळ्यांवर हात ठेवलेला. अन् तुमीच मला सांगायला लागल्या — 'पाळकबुवा, मी त्याला म्हणलं, भिऊ नको, पाळकबुवा तुझ्यासाठी गुडघ्यावर हायत.' त्यावर त्यानं मान हलवली म्हणलात. अन् मी तुमाला 'होय' म्हणलं. होय म्हणलं मी, मावशी. अन् सोमवारच्या पानावर काय होतं ठावं हाय? 'आजाऱ्याला भेट दिली. त्याच्यासाठी प्रार्थना केली.' इथं यायच्या आधीच लिहून मोकळा झालतो.

बोला की काहीतरी. चालता हो म्हणा. साहेबाला सांगा, वस्तीला सांगा, मी न्हाई म्हणनार न्हाई. फाळ वाजवायला दुसरा कुनी बी मिळंल. पन असं नुसतं बघू नका, मला लई जड जातंय ते.

हे काय — वाकळ कावून बाजूला ठेवली? उठू नका — अवं, गुडघे कावून टेकायलात, दुखत्यात ना तुमचे? — प्रार्थना करा म्हणता? आता? मी? अन् हे सगळं आयकून बी मीच?

बरं. बरं, टेकतो मी बी.

हे आमच्या स्वर्गातल्या बापा —

न्हाई. न्हाई मावशी. पुढचं सगळं पाठ हाय, अन् ते पाठ केलेलं शहादेवसाठी पुन्हा म्हणायचं न्हाई मला. अन् दुसरं काय येत न्हाई. तुमीच करा.

तुमाला जसं येतं तसं करा. मी आयकायलोय.