तीन ओळींचं मानपत्र

मंडळी, मला सांगा, पोटासाठी शब्द विकावेत का? अहो, माना काय हलवताय! मी तरी कीर्तनाची बिदागी घेऊनच उभा आहे! विकावेत. खुशाल विकावेत. पण न पाहिलेलं विकावं का? इथंच खरी मेख आहे. ऐका!

एका गावात नीलकंठ सबनीस नावाचा कवी. धंदा मानपत्रांचा! कुणी निवृत्त झालं की हा लिहिणार – 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, निगर्वी!' नाव बदलायचं, बाकी तेच! एकदा काय झालं, गुरुजींचं मानपत्र गेलं गुरांच्या डॉक्टरांना. भर सभेत वाचलं – 'आपण हजारो विद्यार्थी घडवले!' सभा हसली हो... पण डॉक्टर मान खाली घालून बसले. जन्मभर गोठ्यांतून राबलेला माणूस! नीलकंठाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच सुमारास त्याला हायकू भेटला. जपानकडची कविता. तीन ओळी, बस्स! विशेषणांना तिथं बसायलाच जागा नाही. जे पाहिलं तेवढंच सांगायचं. त्यानं ठरवलं – पाहिल्याशिवाय लिहिणार नाही!

मग नगरपालिकेचं काम आलं. पहाटे गावच्या नळांना पाणी सोडणारे धोंडीबा खिलारे निवृत्त होत होते. नीलकंठ आठ दिवस पहाटे त्यांच्यामागं हिंडला आणि तीन ओळी लिहिल्या. नगराध्यक्ष भडकले! "अहो, फ्रेम केवढी, मजकूर केवढा! चांगली वीस विशेषणं घाला. नाहीतर पालिकेचं काम कायमचं बंद!"

मंडळी, त्याची निम्मी भाकरी तिथली! पण नीलकंठ म्हणाला, "बंद करा, साहेब. शब्द वाढणार नाही."

दुसरं लिहून घ्यायला वेळ कुठला? सत्काराला नगराध्यक्षांनी नाक मुरडत तेच वाचलं –

झोपलं गाव
कोरड्या नळातून
पहिला श्वास

संपलं! टाळी नाही, काही नाही. तेवढ्यात धोंडीबांची बायको उठली. "सायेब, पुन्यांदा वाचा की. आमच्या ह्यांचं काम कुनी कधी बघितलंच न्हाई." धोंडीबा फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होते.

पालिकेचं काम? गेलं! नगराध्यक्ष शब्दाचे पक्के! पण नीलकंठही पक्का. आजही तो कमीच खातो, आणि ज्याचं लिहायचं त्याच्यामागं आधी आठ दिवस हिंडतो.

आता तुमच्याकडे वळतो. हसू नका! तुम्ही बसलाय ती सतरंजी दुपारी कुणी झटकली? कुणी अंथरली? बोला! नाही ना पाहिलं? मग उठा, आधी त्या माणसाला शोधून पुढं आणून बसवा. तोवर मी आरती लावणार नाही!