गाठ तिथंच हाय

आमचं मूळ कन्नड तालुक्यातलं. रझाकारी मोडली, त्याच्या मागून माझा जलम. बाप बैलांचा दलाल, मी बी तेच केलं. काय सांगू तुम्हाला, ह्या धंद्यात सख्ख्या भावावर इश्वास ठिवायचा नाय, मालक कितीबी शपथा खाऊ द्या, जित्राब आधी चालवून बगायचं, खूर, गुडघा, समदं मपल्या हातानं चाचपायचं. तीच खोड मला माणसांत बी लागली.

तर डाव्या गुडघ्याच्या मागं, पाय दुमडतो तिथं, लिंबाएवढी गाठ आली, अन् ती उरावानी धडधडायची. दुखत नव्हती म्हून कुणाला बोललो नाय. मग अंगठा काळानिळा पडला, पाऊल गारठलं, घरची रडायला लागली, तवा संभाजीनगरला गेलो. डाक्टर पोरगेलासा. म्हणला काका, रक्ताची नळी फुगलीय, आत रक्त गोठतंय, त्याचे तुकडे पावलात जाऊन अडकत्यात, आपरेशन नाय केलं तर पाय कापावा लागंल. मी म्हणलं, गाठ दुखत नाय तर चिरायची काहून? ह्याचा काय डाव हाय? घरची कडाडली, पाय गेल्यावर त्या डावाचं लोणचं घाला म्हणली. केली सही.

शुद्धीवर आलो, पैला हात गुडघ्यामागं घातला. गाठ तिथंच! टाके भलतीकडंच, मांडीला अन् पोटरीच्या आतल्या अंगाला. अगागा, लागलो बोंबलायला, फसवलं मला, बोलवा त्याला! त्यो आला, रागावला नाय. म्हणला काका, ती काढायची गरज नव्हती, दोन्ही तोंडं बांधली अन् तुमच्याच मांडीची शीर घेऊन रक्ताला बाजूनं नवी वाट दिली, बगा, धडधडती का आता? दाबून दाबून बगितलं. नव्हती धडधडत. पर मला पटंना. मग त्यानं घरचीचा हात माझ्या पावलावर ठिवला. ती म्हणली, अहो, ऊन हाय, नाडी बी उडतीय. मी म्हणलं, खरं का, का मन राखती? तिच्या डोळ्याला धार लागली. मग मी गुडघ्यामागचा हात काढून घेतला. जगावर वहीम घेतला, तिच्यावर कधी नाय.

आता चालतोय. उजव्या पायात बी तसलीच बारकी निघाली. मी म्हणलं, ही बी उरकून टाका. डाक्टर म्हणतो, आत्ता गरज नाय, वाढती का बगत राहू. झालं! तवा घाई केली, अन् आता काहून टाळतो ह्यो? घरची कपाळाला हात लावती. पर पोरगं गुणाचं हाय, देव त्याचं भलं करो. चौघांच्या खांद्यावर जाईन तवा दोन्ही पाय संगं जावेत, माझं दुसरं मागणं नाय.