धबधब्यापाशी ठेवलेल्या हार्पची ओळख पटवण्याबाबत

नाव एडेलमिरा पालोमिनो, वय ३४, धंदा गायन, राहणार आयाकुचो, पेरू.

समक्ष ठाण्यात येऊन सांगते ते असे की, मी बारा वर्षं जत्रांमधून डोंगराकडची वायनो गाणी गाते. मोठी गायिका घागरा बदलायला आत गेली की तेवढ्यापुरतं मला उभं करतात. आज इथल्या जत्रेत दुपारी बाराला पहिलं गाणं माझं आहे. जाहिरातीत माझं नाव प्रथमच छापलं आहे, ती सोबत जोडते. फौजदार वेलार्दे साहेबांनी विचारलं, "यात तुम्ही कुठं?" मी म्हटलं, "खाली बघा. अजून खाली."

माझा थोरला भाऊ फिदेन्सियो हार्प वाजवतो. नव्या तारा चढवल्या की हार्प रात्रभर धबधब्यापाशी ठेवायची, जलपरी सूर लावून देते, अशी आमची रीत. जवळ कुणी थांबलं तर ती येत नाही. म्हणून दादा काल संध्याकाळी हार्प आणि जलपरीला वाहायला कोकाची पानं ठेवून परतला. सकाळी सहाला गेला तर हार्प गायब. तशीच दादाला घेऊन मी तक्रार द्यायला ठाण्यात आले.

मेंढ्या राखणाऱ्या सातुर्निना आजींनी ती गाढवावर घालून ठाण्यात जमा केली होती. त्या अजून ठाण्यातच होत्या. दादाला म्हणाल्या, "अरे बाबा, जलपरी वरच्या झऱ्यात राहते. त्या धबधब्यात काय आहे? मला वाटलं, कुणीतरी विसरलं." आजींबद्दल माझी तक्रार नाही.

साहेब म्हणाले, "तुमचीच कशावरून?" हार्प आजोबांची, पावती कुठली असणार! तेव्हा वाजवून दाखवा, असा हुकूम झाला. वेळ ११.२०. दादाने वाजवली, मी गायले. हुकूम एका गाण्याचा होता, तीन झाली. सूर चोख लागलेले होते. कुणी लावले? दादा जलपरीचं नाव घेतो, आजी गाढवाचं.

११.५० ला जत्रेच्या आयोजकांचा फोन आला, "बाई पोचल्या नाहीत तर दुसरीला उभं करतो." साहेब फोन घेऊन म्हणाले, "बंदोबस्ताशिवाय सुरू करणार? बंदोबस्त इथं गाणं ऐकत बसलाय." मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

हार्प ताब्यात मिळाली. आता आम्ही, आजींसह, पोलिसांच्या गाडीतून जत्रेत जाणार. लोक म्हणतील, एडेलमिराला पकडून आणलं. म्हणू देत.

जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे. फक्त खाली माझं नाव मोठ्या अक्षरांत घालावं अशी विनंती केली. साहेबांनी अर्धं पान मोकळं सोडलं आहे.