मोजणीबाईंचं एक मिनिट

कोतवडेकर काका, सरपंचकाकी, बंदरावरच्या आणि वरच्या वाडीतल्या सगळ्या माणसांनो, बसून घ्या. उभे राहिलात तर मला वाटेल, मला मारायला उठलात.

आधीचे सगळे चांगलं बोलले. गुरुजी बोलले, अंगणवाडीच्या ताई बोलल्या. मला तसं जमत नाय. दहावीला मी दोनदा आपटलोय, तुमाला ठाऊक आहे. मला बोल असं कोणी सांगितलं नव्हतं, मीच हात वर केला. तेव्हा सरपंचकाकी कानाशी येऊन म्हणाल्या, "पक्या, आज चेष्टा नको हां." नाय करणार, काकी. केलेली चेष्टा आज परत घ्यायला आलोय. ती परत घेता येते काय, ते माहीत नाय.

कोतवडेकर बाई आपल्या उपकेंद्राच्या नर्स. सोमवारी सकाळी लसीचा डबा खांद्याला लावून निघाल्या, घाटी चढताना दम लागला म्हणून पायरीवर बसल्या, त्या उठल्याच नाहीत. सगळे म्हणतायत, बाई देवमाणूस होत्या. होत्याच. पण खरं सांगा, घरात आपण त्यांना काय म्हणायचो?

खाली नका बघू. मोजणीबाई म्हणायचो. जमिनीची मोजणी असते, तशी ही पोरांची मोजणी. आणि हे नाव ठेवलं कोणी? मी.

कशावरून ठेवलं? तर तान्हं पोर आजारी म्हटलं की बाई आधी औषध काढायच्या नाहीत. पोर शांत होईपर्यंत थांबायच्या. मग झबलं वर करायच्या, पोटाकडे बघायच्या आणि हातात घड्याळ धरून श्वास मोजायच्या. अख्खं मिनिट. मधे कोणी बोललं तर नुसता हात वर करायच्या. मला त्याचं भारी हसू यायचं. मी खिडकीतून बघून बघून सगळं उचललं. मान कशी वाकवतात, ओठ कसे हलतात, सगळं.

मग तो शिमगा. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसलेली, दुपारची वेळ, अख्खा गाव जमलेला. मी आवशीचं पांढरं पातळ नेसलो. घरातलं भिंतीवरचं घड्याळ सुतळीने मनगटाला बांधलं. आणि पोर म्हणून फणसाला झबलं घातलं. झबलं वर केलं आणि काटे मोजायला लागलो. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, न्या याला रत्नागिरीला! तुमी किती हसलात, आठवतंय? गुरुजी, तुमी डोळे पुसत होतात. बाई पुढेच बसल्या होत्या. त्याही हसल्या. पण आधी इकडेतिकडे बघितलं आणि मग हसल्या. मी वरून बघितलं ते. बघितलं आणि अजून दहा काटे मोजले.

त्यानंतर बाईंनी घड्याळ काढलं की बायका तोंडाला पदर लावायच्या. पोरं मागून ओरडायची, "फणस पिकला काय?" आणि बाई? माझ्या वैनीने बघितलं आणि मला सांगितलं. बाई आता घरात आल्या की पाठ फिरवून घड्याळ काढायच्या. चोरीचा माल काढावा तसं. पाठ फिरवून. पण मोजायचं सोडलं नाय.

आता जे सांगणार आहे, ते आमच्या घराबाहेर कोणाला माहीत नाय. वैनीला विचारून सांगतोय.

श्रावणात वैनीला मुलगी झाली. दादा बोटीवर. आमची ही तान्ही बाय बावीस दिवसांची होती, तेव्हा दूध प्यायची थांबली. तोंडात घ्यायची, सोडायची, झोपायची. रडणं पण बंद. माझी आवस म्हणाली, "शाणी झाली गो पोर." वैनी म्हणाली, बाईंना बोलवूया काय? आणि मग स्वतःच म्हणाली, "नको. आपल्याकडे फणसाची मोजणी नको, बायका हसतील."

मी तिथेच बसलो होतो. आणि मी काय केलं? मी हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैनी बायला मांडीवर घेऊन रडत होती. म्हटलं, हिला जरा हसवू. मी बाईंसारखा गुडघ्यावर बसलो. बाईंसारखा हात वर करून आवशीला गप्प केलं. झबलं वर केलं. घड्याळ आता परत भिंतीवर होतं, त्याच्यात बघत पोटाचं वरखाली मोजायला लागलो. सोंगातल्यासारखा नाकात आवाज काढून.

साठ झाले. सेकंदाचा काटा बघितला तर नवावर. मिनिट व्हायला पाव बाकी. मला वाटलं, घड्याळ मागे पडलं. श्वास साठाच्या वर गेले की बाई परत मोजायच्या, म्हणून मी परत मोजलं. यावेळी नाकातला आवाज आपोआप गेला. अठ्ठ्याहत्तर. आणि दर श्वासाला बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता. जाळ्यातून काढलेल्या मासळीचे कल्ले बघितलेत ना तुमी? तसं चाललं होतं तिचं.

मी धावलो. बाई जेवत होत्या. ताट तसंच ठेवून निघाल्या. तोंडाने एक शब्द नाय, तुझं काय फणसाचं, असं काय नाय. घरात आल्या आणि मला एवढंच विचारलं, "किती आले?"

मी म्हटलं, अठ्ठ्याहत्तर. त्यांनी मोजलं, अख्खं मिनिट, परत मोजलं, आणि म्हणाल्या, "बरोबर मोजलंस."

मला शाळेत कोणत्या मास्तरनी कधी बरोबर म्हटलं नाय. गुरुजी, राग मानू नका, माझं बरोबर कधी नव्हतंच. पहिल्यांदा बरोबर आलं, ते ज्यांची टिंगल केली त्यांच्याकडून.

आवस म्हणाली, "ताप नाय ओ बाई, अंग गार आहे. आणि शाणी आहे, रडत नाय." बाईंनी बायचे पाय हातात धरले. आवशीला म्हणाल्या, "एवढंसं पोर गार पडणं म्हणजे तापाएवढंच वाईट. आणि तेवीस दिवसांचं पोर शाणं नसतं हो काकू. त्याने भुकेने रडायलाच हवं."

त्यांनी औषधाचा पहिला डोस तिथेच दिला. पोर वैनीच्या उराशी, अंगाला अंग लावून, वरून पातळ गुंडाळलं, आणि रिक्षाने थेट रत्नागिरी. न्यूमोनिया निघाला. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं. त्यातला अख्खा एक दिवस माझ्या फणसाने खाल्ला होता.

बाय घरी आल्यावर बाई मला उपकेंद्रात म्हणाल्या, "पक्या, नक्कल छान करतोस तू. माझं बायका ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. पुढच्या शिमग्याला परत माझंच सोंग काढ. फक्त फणस नको. खरं मोजून दाखव."

मी म्हटलं, बघू.

शिमगा आला. मी पुढाऱ्याचं सोंग काढलं. का? लाज वाटली. गाव म्हणेल, पक्या सुधारला, म्हणून लाज वाटली. बाई पुढेच बसल्या होत्या. सोंग संपेपर्यंत बसल्या होत्या. मग उठून गेल्या. मी माफी मागितली नाय. उद्या मागू, उद्या मागू करत राहिलो. रोज घाटीवर दिसायच्या, तर घाई काय?

काका, तुमची माफी मागून ती त्यांना पोचत नाय, ते कळतं मला. तरी मागतो.

हे भिंतीवरचं घड्याळ आज खिळ्यावरून काढून आणलंय. हसू आलं तर हसा, मला चालेल. मला लपायचं नाय आता. त्यांचं ते सोंग आज काढतो. दोन महिन्यांच्या आतलं पोर, मिनिटाला साठ किंवा वर श्वास, तर थांबायचं नाय. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत, पन्नास किंवा वर, तर थांबायचं नाय. बरगड्यांखाली खड्डा पडतो, दूध ओढत नाय, गार पडलंय, तापलंय, ढिलं पडलंय, तर मोजत पण बसू नका, उचला आणि निघा. नाकात तेल नको, मोठ्याची गोळी अर्धी करून नको. आणि पोर शाणं झालं म्हणू नका.

शोकसभेत दोन मिनिटं शांत उभे राहतात. मला एकच मिनिट द्या, पण अख्खं. ज्यांच्या मांडीवर तान्हं आहे, त्यांनी बसूनच झबलं वर करा आणि पोटाकडे बघा. बाकीच्यांनी नुसतं गप्प राहा. कोणी तोंडाला पदर लावायचा नाय. कोणी पाठ फिरवायची नाय.

काटा बारावर येतोय.

बाई, मोजतो.