दहापैकी आनंद

आनंद मोजायला गेले आणि माझीच कशी फजिती झाली, ऐका. आमच्या पनवेलच्या शाळेत नववीला ध्यान-गप्पांचा आनंदाचा तास सुरू झाला, तेव्हा मी नवीनच लागले होते. पहिल्या दिवशी मुलांना विचारलं, "दहापैकी किती आनंदी आहात?" अख्ख्या वर्गाने दोन गुण दिले! वर्षभर जिवापाड जपलं त्यांना. शेवटच्या तासाला पुन्हा विचारलं, तर सगळ्यांचे दहा. मुख्याध्यापक खूश, मी रडायच्या बेतात.

गव्हाण गावाहून येणाऱ्या सानिकाला बाजूला घेऊन विचारलं, "तेव्हा एवढं कसलं गं दुःख होतं?"

"दुःख नाय, मॅडम. तुमी नवीन. आमी तवाच दहा दिले असते, तर तुमी शिकवलेलं सरांना दिसलं असतं काय?"

"मग खरे किती?"

"नऊ. डोळे मिटून गप बसवता ना, त्याचा एक कापला."