गारुडी आणि तो दुसरा

प्रेमराज : म्हणजे फोटो याचा, नाव याचं, सत्कारही याचाच. मग माझ्या घरी कशाला आलात ताई?

कामिनी : आबा, लोटननानाच म्हणाले, आधी धुळ्याला चल. प्रेमराजशी बोलल्याशिवाय मी जळगावचं कबूल करणार नाही.

लोटन : म्हनलंच तसं. पिंपळनेरहून पहिली गाडी धरीसन ऊनू. चहा तरी सांगशील का नही भो?

प्रेमराज : सूनबाईनं ठेवलाय. आणि त्या खुर्चीवर नको बसूस, तिचा पाय हलतो. हां, ताई, तुम्ही काय करता म्हणालात?

कामिनी : जळगावला, पिंप्राळ्यात मुलींची तालीम चालवते. या रविवारी आमच्या मुलींच्या कुस्त्या आहेत, सभागृहात, मॅटवर. त्याआधी थोडा वेळ जुन्या फ्री स्टाईलची, त्या सोंगं घेऊन तिकिटावर खेळायच्या कुस्त्यांची आठवण काढायची असं ठरलं. मी मोबाईलवर एक जुनं पोस्टर टाकलं होतं. गारुड्याच्या सोंगातले नाना. पुंगी, टोपली आणि ते डोळे. लोक तुटून पडले हो! अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, कुठून कुठून माणसं लिहायला लागली.

प्रेमराज : काय लिहितात?

कामिनी : एकानं लिहिलं, गारुडी रिंगमध्ये चढला की मी बापाच्या धोतरात तोंड खुपसायचो. एकाला तो ‘डॉक्टर’ आठवला. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि समोरच्याच्या नाकाला रुमाल लावून त्याला झोपवायचा. आणि एक कोणी नवरदेव होता म्हणे.

लोटन : भटू! पारोळ्याकडचा भटू व्हता तो. मुंडावळ्या बांधून घोड्यावर यायचा, पुढे बँड. रिंगमध्ये चढला का ओरडायचा, ‘लवकर आटपा, माझा मुहूर्त चालला!’ आनि त्याच मुंडावळ्यांनी समोरच्याचा गळा आवळायचा. बाया अशा चिडायच्या! म्हनायच्या, अरे देवा, कोन्या घरची पोर देतात रे याला!

प्रेमराज : खरं लग्न जमेना शेवटी त्याचं. मुलीकडचे म्हणायचे, हा मांडवात काय करेल कोण जाणे.

कामिनी : पण सगळ्यांत जास्त लोकांना आठवतात ते नाना. माझ्या आईचं घ्या ना. प्रमिलाबाई नाव तिचं, सत्तरीला आली. आजही झाकणाची टोपली दिसली की आधी लांबून काठी लावून बघते.

प्रेमराज : टोपलीत भाकरी असायची.

कामिनी : काय?

प्रेमराज : भाकरी, ठेचा, कांदा. पार्वतावहिनी बांधून द्यायच्या. मॅच संपली की हा रिंगच्या मागं बसून खायचा.

लोटन : सांगी टाक, बठ्ठं सांगी टाक तू! अगं पोरी, पहिल्यांदा आमच्या खेळाच्या मालकानं खरा नाग आनला व्हता. आनि माले सापाची भारी भीती. मी रिंगमध्ये चढायलाच तयार नही. मग मालक म्हने, नाग राहू दे, नुसती टोपली ने, झाकन उघडूच नको. तर लोक जास्त भ्यायले.

प्रेमराज : मला त्या कोपऱ्यापर्यंत फरफटत न्यायचा. एका हातानं माझी मान दाबलेली, दुसरा हात झाकणावर. आणि सगळं मैदान उठून उभं राहायचं, ‘प्रेमराज, हात सोडव! प्रेमराज, तिकडं जाऊ नको!’ अजून कानात आहे ते. बरं, माझ्याबद्दल काय लिहितात लोक?

कामिनी : तुमच्याबद्दल...

प्रेमराज : सांगा, सांगा. एसटीत कंट्रोलर होतो मी. लोकांचं ऐकून घ्यायची सवय आहे.

कामिनी : लिहितात की... गारुडी आणि तो दुसरा. त्याला हरवणारा. नाव आठवत नाही.

प्रेमराज : दुसरा.

लोटन : मोबाईलवर कोनी काहीबी लिहितं.

प्रेमराज : नाही रे, खरं तेच लिहिलंय. मी काय करायचो? मातीला हात लावून कपाळाला लावायचो, चारी बाजूंना हात जोडायचो, मार खायचो आणि शेवटी जिंकायचो. त्यात लक्षात काय राहणार? तुझ्याकडे पुंगी होती, भटूकडे घोडा होता. मी आपला चांगला माणूस.

लोटन : चांगल्या मानसाला हार पडायचे ना! खांद्यावर घेऊन गावभर मिरवायचे तुला. एसटीची नोकरीबी त्या नावावरच लागली. माले काय मिळालं? साक्रीच्या हॉटेलात चहा मिळेना. पार्वता बाजारात गेली का बाया बाजूला सरकायच्या. मन्ही ज्योती शाळेतून रडत यायची. पोरं तिला नागीन म्हनायची.

कामिनी : एवढं मनावर घ्यायचे लोक?

लोटन : एका गावात दगड आला, ही बघ, भुवई फाटली. डॉक्टर टाके घालता घालता काय म्हनला माहीत शे? ‘बरं झालं लागला ते.’

कामिनी : मग सोडलं का नाही तुम्ही?

लोटन : सोडून काय करायचं? पोरी, हजार मानूस तुझ्यावर एकदम ओरडला ना, का समजायचं आपलं काम बरोबर चाललं. मी मनाशी म्हनायचो, ज्या दिवशी हे गप बसतील त्या दिवशी सोडीन. ते बसलेच नही. मग घरोघरी टीव्ही आला, मालकानं पत्रे, खुर्च्या बठ्ठं विकलं, आनि आम्ही घरी.

कामिनी : आणि तुमची दोस्ती? तेव्हा कुणाला कळली नाही?

प्रेमराज : कळून कसं चालेल? हा एका गाडीनं यायचा, मी दुसऱ्या. खानावळीही वेगळ्या. रस्त्यात समोर आला तर मी थुंकायचो आणि हा मिशी पिळायचा. माझ्या लग्नाला याला बोलावता आलं नाही. वरात निघाली, पुढे गॅसबत्त्या घेतलेली माणसं. त्यात एकाच्या तोंडाला पंचा गुंडाळलेला, नुसते डोळे उघडे. घोड्यावरून ओळखला मी.

कामिनी : नाना, तुम्ही बत्ती उचलली?

लोटन : मंग लग्न कसं बघनार? बत्तीचं काही वाटलं नही. बँडवाला भलता बेसूर व्हता, त्याचा त्रास झाला.

प्रेमराज : मांडवापर्यंत आला आणि बत्ती ठेवून परत गेला. जेवलासुद्धा नाही.

लोटन : जेवायला पंचा काढावा लागला असता ना भो.

कामिनी : आबा, मग तुम्ही दोघंही चला. आज संध्याकाळी पोस्टर बदलते, तुमचंही नाव टाकते.

प्रेमराज : मागून चिकटवलेलं नाव नको ताई. रागानं म्हणत नाही. ज्याला लोकांनी बोलावलंय त्याला न्या. लोटन, तू जा. मिरव जरा. आयुष्यभर शिव्याच खाल्ल्यास.

लोटन : मी एकटा जानार नही.

प्रेमराज : का? आता तर कोणी दगड मारणार नाही.

लोटन : मी रिंगमध्ये कधी एकटा उभा राहिलो का? पडायचं म्हनलं तरी समोर मानूस लागतो. तू स्टेजवर नको चढू. खाली बस, पहिल्या रांगेत. माले तुझं तोंड दिसलं पाहिजे, बस.

प्रेमराज : माझं तोंड बघून काय करणार?

लोटन : काही नही. बघीन.

प्रेमराज : ताई, तुमच्या गाडीत पाय लांब करता येतो का? माझा उजवा गुडघा वाकत नाही.

कामिनी : पुढच्या सीटवर बसा आबा. ती पूर्ण मागं जाते.

(रविवारी दुपारी, जळगाव. सभागृह भरलेलं. स्टेजवर कुस्तीची मॅट. तिच्या मधोमध काळी लुंगी नेसलेला लोटन, हातात पुंगी. पहिल्या रांगेत, स्टेजला अगदी लागून प्रेमराज. माईक कामिनीकडे.)

कामिनी : ...आणि ज्याच्या नावानं अख्ख्या खानदेशातली पोरं अंथरुणात गप्प व्हायची, तो हा गारुडी! जोरात टाळ्या! वा, मागचेही उभे राहिले! होऊ द्या, होऊ द्या!

लोटन : प्रेमराज. ए प्रेमराज.

प्रेमराज : काय रे? पुंगी वाजव ना.

लोटन : हे टाळ्या वाजवी राहिले.

प्रेमराज : वाजवणारच. तुझ्यासाठी आलेत.

लोटन : बठ्ठे उभे शेतस. माझ्याकडे बघून हसतात. ती बाई तर डोळे पुसते. माले यात काय करायचं ते माहीत नही भो.

प्रेमराज : हात जोड.

लोटन : गारुडी कधी हात जोडतो का?

कामिनी : नाना, काही होतंय का? पाणी देऊ? दोन शब्द बोलता, की बसता थोडं?

लोटन : हे मन्हं काम नही पोरी. माले खाली उतरव.

प्रेमराज : उतरू नकोस! तिथंच उभा राहा. ताई, मला हात द्या, ही पायरी उंच आहे. आता तो माईक इकडे करा.

कामिनी : आबा, तुम्ही काय बोलणार?

प्रेमराज : द्या तर. बंद करा! टाळ्या बंद करा! कुणाला वाजवताय? मी कोण ते राहू द्या, नाही आठवत तर नाही आठवत. पण याला तर ओळखता ना? रेफरीची पाठ वळली की डोळ्यांत राख फेकणारा हाच! एरंडोलला पडलेल्या माणसाच्या पाठीवर उडी मारणारा हाच! मी हात मिळवायला पुढं केला तर बोटं पिरगाळणारा हाच! आणि याला तुम्ही टाळ्या वाजवता? जळगावकर, लाज नाही वाटत?

कामिनी : आबा, लोक एकदम गप्प झाले.

प्रेमराज : होऊ द्या.

कामिनी : मागं कोणीतरी ‘हुर्यो’ केलं.

प्रेमराज : एकच? जळगाव म्हातारं झालं का?

कामिनी : आबा, ती बघा, माझी आई उठली! आई! आई, चप्पल खाली ठेव!

लोटन : ठेवू नको! मार! ए म्हातारे, दम शे का हातात? मार ना!

कामिनी : अगं बाई, मारली! नाना, सगळे ओरडायला लागले. आमच्या मुलीसुद्धा!

लोटन : पोरी, आता बाजूला सर. माईक माझ्यासमोर धर आनि हसू नको. गप बसा रे! कोन ओरडलं? हा कोन ते विसरले तुम्ही? मी नही विसरलो! हा प्रेमराज! धुळ्याचा प्रेमराज! यानं माले जळगावात पाडलं, भुसावळात पाडलं, चोपड्यात तर दोनदा पाडलं! याचं नाव ऐकलं का मन्हं अंग जळतं! खबरदार कोनी याचं नाव घेतलं तर! एकानंबी घ्यायचं नही!

कामिनी : घेताहेत! आबा, प्रेमराज, प्रेमराज करताहेत!

प्रेमराज : लोट्या, हे काय चालवलंयस?

लोटन : बोलू नको. मान धर मन्ही. डावा खांदा सोडून धर, तो निघतो.

प्रेमराज : आणि माझा गुडघा...

लोटन : माहीत शे. तू हलूच नको, मीच तुझ्याभोवती फिरतो. हां. आता मी दाबतो, तू कण्ह.

प्रेमराज : आई गं!

लोटन : खरंच दुखलं का?

प्रेमराज : थोडं खरं, थोडं तसंच. लोट्या, ऐक, आज मी पडतो. इतकी वर्षं तूच पडलास.

लोटन : येडा शे का तू? एवढी मानसं माले पडताना बघायला आली. हात उचल. मोठा उचल, मागच्यांना दिसू दे.

प्रेमराज : आणि तू या वयात उडी मारणार?

लोटन : आधी बसतो, मग आडवा होतो. लोक समजून घेतील. चल, आन!

प्रेमराज : हे घे!

कामिनी : नाना! नाना, लागलं का? डोळे उघडा ना! कोणीतरी इकडे या!

लोटन : हळू बोल पोरी. मी बेशुद्ध शे.

प्रेमराज : लोट्या, ती लहान मुलंसुद्धा माझं नाव घेताहेत रे.

लोटन : मग हात वर कर ना भो. मी पडलेला शे तवर.