एक पांढरं पीस

...अन् वरून सारा मोहल्ला मलेच म्हन्ते, जागेश्वरभाऊ, तुमी लय निर्दय बावा! आता सांगा, मी निर्दय? अजी, मी डास माराच्या आधी दोनदा इचार करतो. पन कोंबड्याच्या तुऱ्याले पाच टोकं पाह्यजे अन् सहा निघाले, तं त्यात माहा काय गुन्हा? ते सहावं टोक मी लावलं का? खोट ते खोट. आपल्या हाती काय हाय, सांगा.

नाई, तुमाले अंदाज नसंल म्हनून सांगतो. कोंबड्या पाळनं येगळं अन् शुद्ध जात पाळनं येगळं. गावरानी कोंबडी कशीबी चालते, काळी असो, कबरी असो, लंगडत असो, अंडं देल्लं की झालं. माह्याकडं हायेत ऱ्होड आयलंड. अंगभर गडद लाल रंग पाह्यजे, जुन्या सागवानी कपाटावानी, इकडून तिकडून एकच. पंखात पांढरं पीस दिसलं, बाद. तुरा एका बाजूले कलला, बाद. टोकं चार, बाद, सहा, बाद. कानाची पाळी लालच पाह्यजे, पांढरा ठिपका दिसला की बाद. शंभर पिल्लं काढा तं त्यातून चार-पाच उरतेत. बाकीच्यायचं काय होते... आता तुमी नागपूरचे लोक, तुमाले मी काय सांगू.

आमच्या खानदानात हे खोट काढनं पहिल्यापासूनच हाय. माहा बाप मागावर बसे. लुगड्याच्या काठात एक सूत इकडचं तिकडं झालं तं मानूस जेवत नसे. मी काही मागावर बसलो नाई, मी हिंगण्याले कंपनीत लागलो, पन तिथं कामबी कोनतं भेटलं? माल तपासाचं! एकतीस वर्षं! पट्ट्यावरून माल येऊन राहिला, मी पाहून राहिलो, खडूनं फुली मारून राहिलो. पास, पास, फुली. पास, पास, फुली. साहेब म्हने, जागेश्वरच्या नजरेतून सूतभर फरक सुटत नाही. मंग रिटायर झालो. मानूस रिटायर झाला, डोळे कुठं रिटायर होतेत? पहिल्याच हप्त्यात मी अनुसयाच्या, म्हंजे माह्या बायकोच्या, पोळ्या तपासल्या. म्हनलं, हे पोळी एका बाजूनं जाड हाय. तिनं लाटनं खाली ठेवलं अन् एकदम शांतपने म्हने, तुमी काहीतरी पाळा. तवा कोंबड्या आल्या.

इतवारी माहे दोन कामं. पहिलं, डोक्याले मेहंदी. हसू नका गा, साठीच्या मानसाचे केस पांढरे होतेतच, कोनाचे नाई होत? अनुसया वाटीत मेहंदी कालवते, ते बरगंडी भेटते ना पुडीत, तेच. बिरशनं माह्या डोस्क्याले फासते अन् वरून प्लास्टिकची पन्नी बांधून देते. दीड घंटा सुकू द्या लागते. आता दीड घंटा रिकामं बसून मी करू काय? म्हनून तेवढ्यात दुसरं काम, छाटणी. अंगनात खुर्ची टाकून, डोक्यावर पन्नी घेऊन मी बसतो, अनुसया एकेक कोंबडी आनून देते, मी पंख उघडतो, तुरा मोजतो, पास, पास, फुली. ज्याले फुली, त्याच्या पायात लाल दोरा. लाल दोरा बांधला की त्याचा त्या दिवशी रस्सा.

अन् हे लाल दोरे मोजाले कोन येते? माहा साळा, भूपेश. पहिले या मानसाले कोंबडी अन् बदक यातला फरक सांगा लागे. आता दर इतवारी दहाच्या ठोक्याले दारात हजर, खिशात मसाल्याची पुडी, घरून वाटून आनलेली. अन् माह्या खुर्चीमागं उभा राहून मलेच शिकवते. भाऊजी, त्याचा तुरा कललेला वाटते. अरे, त्यानं मान वाकडी केली म्हनून तुरा कलला! भाऊजी, पाळीवर पांढरा ठिपका दिसते. अरे, तो भिंतीचा चुना लागला त्याले! भूक लागल्या मानसाले सारी दुनिया खोटीचीच दिसते. पन कधी कधी त्याचं खरं निघे, मंग काय करता? खोट ते खोट. आपल्या हाती काय हाय.

आता मंगळ्याचं सांगतो, कारन सारं रामायन त्याच्यामुळंच झालं. मंगळ्या म्हंजे कोंबडा. हे नाव मी नाई ठेवलं, मी कंपनीसारखे नंबर देतो, तो बारा नंबर. पन तो त्याच्या खेपेत अंड्यातून सर्व्यायच्या शेवटी निघाला, मंगळवारी, अर्धमेला. मी म्हनलं, हा काही टिकत नाई. अनुसयानं त्याले पदरात गुंडाळून तीन दिवस मांडीवर घेतला अन् जगवला. तवापासून तो तिच्या मागं मागं. ती कपडे वाळू घालते, हा खाली उभा. ती भाजी निवडते, हा समोर बसते, अन् ती त्याच्यासंग बोलते! मंगळू, आज वांग्यात बियाच बिया निघाल्या रे. मंगळू, शेजारीन पाहा कशी तोंड फिरवून गेली. अन् तो मान हालवते! मी एकतीस वर्षं पाळीत, कधी सकाळपाळी, कधी रातपाळी, घरी आलो की झोपून राहो. तिनं बोलाव कोनासंग? आता मी दिवसभर घरी हाव, तं तिले कोंबड्याची सवय लागून गेली. वाईट वाटते मले. काहून खोटं बोलू?

तं एका इतवारी मी मंगळ्याचा डावा पंख उघडला अन् आत पांढरं पीस. एकच, बोटाएवढं. पन्नीतून मेहंदीचा ओघळ कानावर आला होता, तो पुसला अन् परत पाह्यलं. पांढरंच. मी दोरा उचलला. भूपेशनं खिशातून पुडी काढली. अनुसया निसती म्हने, "पुढच्या इतवारी एकदा पाहा. आज तुमच्या डोळ्यात मेहंदी गेली असंल." म्हनलं चाल, एक हप्ता. भूपेशनं पुडी परत ठेवली, पन तोंड असं केलं का जसं त्याच्या ताटातलं कोनी उचललं.

पुढच्या इतवारी पंख उघडतो तं काय... लाल! मुळापासून टोकापर्यंत सागवानी! मी चष्मा पुसून पाह्यलं, उजेडात नेऊन पाह्यलं. मंग माह्या ध्यानात आलं, जुनं पीस झडलं अन् नवं आलं. होते असं! मी भूपेशले अर्धा घंटा समजावलं का शुद्ध जातीचं रक्त कसं स्वतःच आपली खोट दुरुस्त करते. अनुसया तिकडं नळावर वाटी धूत होती. तिनं मान काही वर केली नाई.

अन् हप्त्यावर आलं होतं परदर्शन. शुद्ध जातीच्या कोंबड्यायचं. तिथं एक कागद भेटते, अमुक यांच्याकडील पक्षी शुद्ध व निर्दोष. तीन वर्षं मी त्या एका कागदासाठी राबून राहिलो होतो. जिंदगीभर दुसऱ्याच्या मालावर फुल्या मारल्या, एकदा कोनीतरी माह्या मालाले पास म्हनाव, दुसरं काय पाह्यजे मले? कोंबडा एकच न्याचा होता अन् उरले होते दोन, मंगळ्या अन् सतरा नंबर. सतरा नंबर रंगानं सोन्यासारखा, पांढऱ्याचं नाव नाई. पन तुऱ्याले टोकं सहा. मी तीनदा मोजले. भूपेशनं पाचदा मोजले, लय प्रेमानं. मंग काय, सतरा नंबरचा रस्सा झाला, वर बोटभर तर्री, अन् परदर्शनाले मंगळ्या.

त्या सकाळी अनुसया म्हने, बसा, चार लोकायत जाऊन राहिले, मेहंदी लावून देते. लावली. अन् नेमका नळ गेला! अर्ध्या बकेटीत डोकं धुतलं, दुपट्टा खांद्यावर टाकला अन् मंगळ्याले टोपलीत घेऊन निघालो. ती फाटकापर्यंत आली. मले वाटलं मले पोचवाले आली. टोपलीत पाहून म्हने, मंगळू, पंख मिटून बसजो.

परीक्षक होते कृष्णकांतजी. पांढरा शर्ट, मऊ आवाज. तुरा पाह्यला, म्हने वा, मोजून पाच. रंग पाह्यला, म्हने उत्तम. माही छाती अशी फुगली का बटन तुटाले आलं. मंग त्यायनं डावा पंख उघडला अन् थांबले. नाक जवळ नेलं अन् वास घेतला! कोंबड्याच्या पंखाचा वास कोनी घेते का, सांगा? खिशातून कापूस काढला, पान्यात बुडवला अन् पिसावरून हळूच फिरवला. कापूस लाल झाला, पीस पांढरं झालं.

ते ओरडले असते तं बरं झालं असतं. हळूच म्हने, "जागेश्वरजी, पांढऱ्या पिसासाठी पक्षी बाद होतो. रंगवलेल्या पिसासाठी माणूस बाद होतो."

मी म्हनलं साहेब, आईशपथ, मले काही माहीत नाई... अन् मले घाम फुटला. दुपट्ट्यानं कपाळ पुसलं. ते माह्या दुपट्ट्याकडं पाहून राहिले. मीबी पाह्यलं. दुपट्टा लाल. त्यायच्या हातातला कापूस लाल. एकच लाल! सूतभर फरक नाई! एकतीस वर्षांत दोन माल इतके बरोबर जुळलेले मी पाह्यले नव्हते. तवा मले ते नळावरची वाटी आठोली.

कृष्णकांतजीनं कापूस माह्या कानाजवळ धरून पाह्यला अन् इचारलं, "घरी एकच वाटी आहे का?"

पाच वर्षं माहं नाव बाद. अन् जाता जाता म्हने, दुसरा कोंबडा नव्हता का? म्हनलं होता, पन त्याले सहा टोकं. तं म्हने, अहो, एका टोकाचे दोन मार्क कटतात, पक्षी काही बाद होत नाही, आणायचा ना! आता मी त्यायले काय सांगू? भूपेशनं हाडंसुद्धा सोडली नव्हती.

घरी आलो. भूपेश दारातच, खिशावर हात. अनुसया ओट्यावर. टोपली खाली ठेवली, मंगळ्या निघाला अन् सरळ तिच्या पायाशी जाऊन उभा राहिला. मी म्हनलं, "अवं, तीन वर्षं पान्यात गेले. असं काहून केलं वं?"

तिनं माह्या डोक्याकडं पाह्यलं. म्हने, "तुमचं पहिलं पांढरं निघालं तवा तुमी चाळीसचे होते. मी बांधला का दोरा तुमच्या पायात?"

भूपेश मसाला घेऊन घरी गेला.

छाटणी सुरूच हाय, बाकीच्यायची. नियम थोडीच बदलते. पन इतवारी आता दोन खुर्च्या लागतेत. एकीवर मी पन्नी घेऊन, दुसरीवर मंगळ्या पंख उघडा करून. मी म्हनलं, अवं, परदर्शन गेलं, कागद गेला, आता कोनाले दाखवाचं हाय? तं अनुसया म्हने, तुमाले कोनाले दाखवाचं हाय? वाटी तेच, बिरश तेच. अन् पहिले त्याले लावते. मले उरलं-सुरलं. म्हने, तो गुपचूप बसते, अन् लागलं का नाई नीट, हे तपासत नाई. खोट ते खोट. आपल्या हाती काय हाय, सांगा.